मोडीतले बॉम्बर आणि पुणे-बंगळूर मीटरगेज

२०२१ साली अमेरिकी हवाई दलाने खरेदीची एक सूचना काढली. बी-२ या स्टेल्थ बॉम्बरमध्ये उष्णता वाहून नेणारा एक भाग असतो, हीट एक्स्चेंजर. त्याचा आतला गाभा खराब झाला की नवा बसवावा लागतो, आणि तो करून देणारा कोणी हवा होता. इथवर नवल काही नाही. नवल पुढच्या वाक्यात होतं. हा गाभा नमुन्यावरून काढायचा होता. म्हणजे जुना भाग उघडायचा, मापं घ्यायची, पातळ पत्र्यांचे थर कसे रचले असतील ते ओळखायचं, निर्वात भट्टीत ब्रेझिंगने ते जोडायची रीत नव्याने बसवायची आणि मग तो जुन्या चालू भागांना वेल्ड करायचा. जगातलं सर्वांत महाग विमान ज्यांनी बांधलं त्यांनाच आपल्या विमानाचा एक भाग दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल करावी तसा करायची वेळ आली होती.

हे का झालं ते या विमानाच्या जन्मकथेतच आहे. जॅक नॉर्थ्रॉप नावाच्या अमेरिकी अभियंत्याला शेपूट नसलेलं, नुसतं पंखांचं विमान करायचा ध्यास होता. १९४७ साली उडालेलं त्याचं वायबी-४९ हे असंच विमान, पंखांची लांबी १७२ फूट. सरकारने ते पुढे मोडीत काढलं. तीस वर्षांनी रडारला चुकवणाऱ्या बॉम्बरचा शोध सुरू झाला तेव्हा उभी शेपूट नसलेला हाच आकार कामाचा ठरला. बी-२ च्या पंखांची लांबीही १७२ फूटच आहे. थकलेल्या नॉर्थ्रॉपला मरणाआधी या विमानाची प्रतिकृती गुप्तपणे दाखवण्यात आली. काम इतकं गुप्त होतं की १९८८ च्या नोव्हेंबरात पामडेलच्या कारखान्यातून विमान बाहेर ओढेपर्यंत लोकांनी ते पाहिलं नव्हतं. अशी १३२ विमानं बांधायची होती. मग सोव्हिएत संघ कोसळला आणि गाडी २१ वर थांबली. विकासाचा सगळा खर्च एवढ्याच विमानांवर बसला, म्हणून एकेकाची किंमत दोन अब्ज डॉलरच्या घरात गेली. उत्पादन थांबलं की पुरवठादार दुसऱ्या कामाला लागतात, कारागीर निवृत्त होतात. २१ विमानांसाठी सुट्या भागांचा कारखाना चालू ठेवणं कोणाला परवडणार?

विमान बांधणं ही एक विद्या आणि ते चालू ठेवणं ही दुसरी. पहिलीचे पोवाडे गायले जातात. दुसरीची हकिकत फारशी कोणी लिहीत नाही. आपल्याकडे मात्र ही दुसरी विद्याच आधी आली, आणि तीही बॉम्बर विमानांच्या निमित्ताने. त्या हकिकतीतले बरेच धागे आपल्या सातारा-सांगली भागातून जाणाऱ्या एका रेल्वेवर ओवलेले आहेत.

ती रेल्वे म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीची पुणे-बंगळूर मीटरगेज. पुण्याहून निघालेली गाडी सातारा रोड, कऱ्हाड, कुंडल रोड करत मिरजेला यायची. तिथून बेळगाव, हुबळी, हरिहर आणि शेवटी बंगळूर. तासगावच्या माणसाला गाडी धरायची तर भिलवडीला किंवा कुंडल रोडला जावं लागे. कुंडल रोडचंच नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग शिकवत. नंतर बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला, तिथून जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी या स्टेशनाजवळचा माळ त्यांना दिला. साल १९१०. चारी बाजूंनी इंग्रजी अमलाचा तासगाव तालुका आणि मधे औंध संस्थानचं हे बेट. त्या बेटावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून होते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते असं की, नांगर एकदा विकला तरी फाळ झिजतच राहतो, आणि बदलीचा फाळ गावाजवळ मिळाला तरच शेतकरी पुन्हा त्याच नांगराकडे वळतो.

याच मार्गावर वर सातारा रोडला धनजीशहा कूपर यांचा कारखाना होता. हे कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले साताऱ्याचे गृहस्थ. १९४० च्या सुमारास त्यांचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे आला. सोलापूरच्या वालचंदांनी धंद्याची सुरुवात लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या कारकुनाबरोबर ठेकेदारीने केली होती. पुढे बोगदे खणले, जहाजं चालवली, इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभं केलं. मोठं काही तरी करायचं आणि सरकार आडवं आलं तर सरकारशीच भांडायचं, असा त्यांचा खाक्या होता.

१९३९ साली ते मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीत अमेरिकेला गेले होते. परतताना पॅसिफिकवरच्या पॅन अमेरिकनच्या क्लिपर विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं जुळवायचा कारखाना चालवत होता. तो विमानांचा संशोधक नव्हे, सौदागर. अमेरिकेतून सांगाडे, इंजिनं आणि यंत्रं आणायची आणि कामगार शिकवून जागेवर विमान उभं करायचं, हा त्याचा धंदा. वालचंदांनी तेव्हाच ठरवलं की हे हिंदुस्थानात करायचं. दिल्लीने आधी दाद दिली नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, इंग्लंड एकटं उरलं आणि मग मात्र दिल्लीला वालचंदांची योजना आठवली.

जागा मिळाली ती म्हैसूर संस्थानात. दिवाण मिर्झा इस्माईल यांना कारखाने हवेच होते. संस्थानाने जमीन दिली, भांडवलात भाग घेतला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. तुलसीदास किलाचंद आणि धरमसी खटाव यांनी वालचंदांबरोबर पैसे घातले. पुढच्याच वर्षी किर्लोस्करांनी लेथ बनवायचा कारखाना काढला, तोही म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला. दोन्ही घराणी मुंबई इलाख्यात वाढलेली, पण विमानं आणि लेथ करायला दोघांनाही संस्थानाचा आसरा घ्यावा लागला. किर्लोस्करांनी औंधात हे आधीच करून पाहिलं होतं. इंग्रजी मुलखात कलेक्टरला कारखाना म्हणजे कटकट वाटे. राजाला तीच प्रतिष्ठा वाटे. योगायोग म्हणा, सातारा रोड, किर्लोस्करवाडी, हरिहर आणि बंगळूर ही चारही ठिकाणं एकाच मीटरगेजवर होती.

पॉलीने अमेरिकेतून यंत्रं आणि माणसं आणली. बंगळूरला आधी हार्लो नावाचं छोटं प्रशिक्षण विमान जुळवण्यात आलं आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. पुढे कर्टिस हॉक लढाऊ विमानं आणि व्हल्टी बॉम्बर करायचे बेत होते. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरलं आणि तीनेक महिन्यांत मलाया, सिंगापूर, रंगून गेलं. २ एप्रिल १९४२ ला सरकारने जाहीर केलं की वालचंद आणि त्यांच्या भागीदारांचे हिस्से सरकारने विकत घेतले आहेत. चारच दिवसांनी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. तिथे वालचंदांचीच गोदी उभी राहत होती. म्हैसूरने आपला हिस्सा विकायला नकार दिला, पण कारभार सोडला. वालचंदांच्या हाती पैसे आले आणि कारखाना गेला. तो सौदा त्यांच्या फायद्याचा होता असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नफाच पाहायचा असता तर त्यांनी विमानाच्या वाटेला जायचंच कारण नव्हतं, साखर होतीच.

त्या वर्षी आमच्या भागात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोठा मोर्चा गेला आणि कचेरीवर तिरंगा चढला. आठवड्याने, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात जे पडले त्यांत उमाशंकर पंड्या होते, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात कुंडलच्या मंडळींचा वाटा मोठा होता, आणि औंधची हद्द ओलांडली की इंग्रजी पोलीस जरा बिचकत, याचा त्यांना उपयोग झाला. लेथवर काम करणारा माणूस आणि मोर्चातला माणूस वेगळे नव्हते. बंगळूरच्या कारखान्यात मात्र त्या काळात राज्य होतं ते अमेरिकी सैन्याचं.

१९४३ मध्ये विमानं बांधण्याचे बेत गुंडाळले गेले आणि हा कारखाना अमेरिकी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो बनला. त्या वेळी हे अनेकांना अपयश वाटलं असेल. मला उलट वाटतं. चार हार्लो जुळवून जे शिकता आलं नसतं, ते या डेपोत हजारो हातांना शिकायला मिळालं. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून थकून आलेली कॅटलिना आणि डाकोटा विमानं इथे उघडली जात, इंजिनं पूर्ण सोडवून, झिजलेलं बदलून, पुन्हा बांधून परत जात. या दोन्ही विमानांना एकच इंजिन होतं : प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, चौदा सिलिंडरचं, सुमारे बाराशे अश्वशक्तीचं. बंगळूरच्या फिटरला हे इंजिन डोळे मिटून ओळखू येऊ लागलं. पुढच्या सगळ्या हकिकतीची किल्ली या इंजिनात आहे.

कारण याच इंजिनाचा एक भाऊबंद लिबरेटर बॉम्बरला होता. एकेका विमानाला चार. बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धात सर्वांत जास्त संख्येने बांधलं गेलेलं अमेरिकी लष्करी विमान, १८ हजारांच्या वर. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत असे. इंग्रजांच्या हवाई दलाला ही विमानं उसनवारीच्या करारावर मिळाली होती आणि ब्रह्मदेशावर त्यांनी ती भरपूर वापरली. युद्ध संपलं. करार असा की उसनं घेतलेलं परत करा, नाही तर नष्ट करा. अमेरिकेला परत नको होती. मग ही विमानं कानपूरच्या चकेरी तळावर एकत्र आणून मोडण्यात आली. सांगाड्यांना भोकं पाडली, आतली उपकरणं फोडली, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली. मैदानात शंभराच्या आसपास लिबरेटर उन्हापावसात पडून राहिले.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरचं युद्ध पेटलं. भारतीय हवाई दलाकडे बॉम्बर नव्हते. डाकोटाच्या दारातून हाताने बाँब ढकलण्यापर्यंत पाळी आली होती. विकत घ्यायला पैसा नव्हता आणि घ्यायचं म्हटलं तरी कोण देणार? तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांना कानपूरला पाठवलं गेलं : या ढिगातून काही उडवता येईल का ते पाहा.

त्यांनी पाहिलं आणि होय म्हटलं. रीत साधी होती, पण चिकाटी खाणारी. मोडणाऱ्यांनी प्रत्येक विमान एकाच पद्धतीने मोडलं नव्हतं. एकाचा पंख गेला होता पण चाकांची जोडणी शाबूत होती, दुसऱ्याचं उलट. तीन-चार मेलेल्यांतून एक जिवंत करायचा. इंजिनांसाठी डाकोटाचा अनुभव हाताशी होता. तिथल्या तिथे इतपत दुरुस्ती करायची की विमान एकदा, फक्त एकदाच, बंगळूरपर्यंत उडेल. खरं काम पुढे कारखान्यात.

आणि ते एकदाचं उड्डाण करायला होते जमशेद मुनशी, कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक. चार इंजिनांच्या या अजस्र विमानाचं त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. ज्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्या तरी विमानातून आलेला, त्यात बसून हजारभर मैलांचा पल्ला मारायचा. मुनशींनी अशी बेचाळीस विमानं कानपूरहून बंगळूरला नेली. बेचाळीस वेळा. चाचणी वैमानिकांच्या शौर्यकथा आपण चवीने वाचतो, पण हा पारशी माणूस मराठी वाचकांच्या फारसा कानावर नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरला हवाई दलाचं पाचवं स्क्वाड्रन या विमानांसह उभं राहिलं, स्वतंत्र भारताचं पहिलं अवजड बॉम्बर स्क्वाड्रन. ज्यांनी ती विमानं नष्ट केली म्हणून कागदावर सह्या केल्या असतील त्यांचे चेहरे पाहायला हवे होते.

सुट्या भागांचा प्रश्न विमानं उडाली म्हणून सुटला नव्हता, खरं तर तो तिथून सुरू झाला. लिबरेटरचं उत्पादन अमेरिकेत १९४५ मध्येच बंद पडलं होतं. नवा भाग कुठे मागायचा? तर न उडवलेले लिबरेटर होतेच. तेच वर्षानुवर्षं गोदाम म्हणून वापरले गेले. इंजिनाची गरज डाकोटांमुळे भागत गेली. डाकोटा साऱ्या जगात उडत होते आणि त्यांचे भाग मिळत होते. जे कुठेच मिळेना ते बंगळूरला नमुन्यावरून करायचं. २०२१ साली अमेरिकेने ज्या कामासाठी सूचना काढली ते हेच काम, फक्त तिथे निर्वात भट्टी आहे आणि इथे लेथ, कानस आणि मापाचा कॅलिपर होता. अर्थात लिबरेटर हे रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचं विमान होतं. बी-२ च्या कातडीवरचं रडार शोषणारं आवरण असं कानशीने घासून जमत नाही. त्याला ठरावीक तापमानाचं हँगर लागतं आणि एक पॅनेल उघडलं तर वरचं आवरण पुन्हा बसवावं लागतं. गुप्ततेने जितकं बनवायला अवघड केलं तितकंच दुरुस्त करायलाही केलं.

१९५१ मध्ये सहावं स्क्वाड्रन लिबरेटरवर उभं राहिलं आणि लवकरच पुण्याजवळच्या लोहगावला स्थिरावलं. काम समुद्रावर नजर ठेवण्याचं. समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पलीकडे बसून अरबी समुद्राची टेहळणी करायची म्हणजे गंमतच, पण लिबरेटरचा पल्ला एवढा लांब होता की घाटाच्या अंतराने काही बिघडत नसे. म्हणजे मीटरगेजच्या बंगळूरच्या टोकाला जी विमानं जिवंत झाली, त्यांतली काही पुण्याच्या टोकाला नांदू लागली.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, बंगळूरला आणखी एक विमान उडालं : एचटी-२, भारतात आराखडा करून बांधलेलं प्रशिक्षण विमान. उडवणारे मुनशीच. आराखडा विष्णू माधव घाटगे यांचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला हा माणूस. आधुनिक वायुगतिकीचा पाया ज्यांनी घातला त्यांचा शिष्य बंगळूरला येऊन आधी एक लाकडी ग्लायडर आणि मग एचटी-२ करतो, हे आपल्या भागाने अजून नीट साजरं केलेलं नाही. एचटी-२ वर पुढे वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. ते विमान वेळेत उभं राहिलं त्यात घाटग्यांच्या गणिताचा वाटा जितका, तितकाच आठेक वर्षं कॅटलिना आणि लिबरेटर उघडून हात बसलेल्या फिटर-टर्नरांचा असावा, असं मी धरून चालतो.

वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये गेले. विमानाचा कारखाना त्यांच्या हाती पुन्हा आला नाही. सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली सुरू केलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. विश्रामबागेतल्या त्या कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली.

१९५७ पासून जेटची कॅनबेरा विमानं आली आणि बाँबफेकीचं काम लिबरेटरांकडून गेलं. समुद्रावरची टेहळणी मात्र त्यांनी आणखी अकरा वर्षं केली. १९६८ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. तोवर जगातल्या बाकी सगळ्या हवाई दलांनी लिबरेटर सोडून दिले होते. ज्या देशाने ते बांधले तिथे चालू स्थितीतला लिबरेटर मिळणं कठीण झालं होतं, कारण अमेरिकेने आपले बहुतेक वितळवून टाकले होते. मग संग्रहालयांची पत्रं दिल्लीला येऊ लागली. एक विमान कॅनडात गेलं, एक इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये, एक अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात. एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

आणखी एक होतं, त्याच कानपूरच्या ढिगातून उठलेलं. निवृत्तीनंतर ते भारतातच पुन्हा पडून होतं. १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकाने ते घेतलं, पुढे ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं, आणि हजारो तासांच्या कामानंतर १९८९ मध्ये ते तिथे उडालं. त्याच वर्षी जुलैत पामडेलहून पहिला बी-२ उडाला होता. लिबरेटरच्या त्या चार इंजिनांना सुटे भाग अजून मिळतात, कारण जगात डाकोटा अजून उडतात.